अलिखित मात्रा : घातक औषधे आणि ती सिद्ध करणारे हात

१

वैद्यकाच्या संदर्भात मराठीतील ‘मात्रा’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. सहाणेवर उगाळून द्यावयाचे औषध म्हणजे मात्रा, आणि ते किती द्यावयाचे त्याचे प्रमाण म्हणजेही मात्रा. औषध आणि विष यांच्यातील भेद बहुधा प्रमाणाचाच असतो ही जाणीव या एका शब्दात सामावलेली आहे. सोळाव्या शतकात युरोपात पॅरासेल्ससने हाच विचार सूत्ररूपाने मांडला. आधुनिक औषधशास्त्राची सारी उभारणी प्रमाणाच्या या हिशेबावर झाली आहे. रुग्णाचे वजन किती, त्याला औषध किती मिलिग्रॅम द्यावयाचे, किती दिवसांच्या अंतराने द्यावयाचे, याची नोंद ठेवल्याशिवाय कोणतेही तीव्र औषध दिले जात नाही.

परंतु प्रत्येक औषधाला रुग्णापर्यंत पोहोचण्यापूर्वी आणखी एका शरीराजवळून जावे लागते. ते शरीर औषध कुटणाऱ्याचे, विरघळवणाऱ्याचे, मोजणाऱ्याचे असते. त्याच्या श्वासातून किंवा त्वचेवाटे औषधाचा जो अंश आत जातो, त्याची नोंद कोणत्याही चिठ्ठीवर होत नाही. रुग्णाला मिळणारी मात्रा उपचारासाठी असते, त्याच्या संमतीने दिलेली असते आणि तिला शेवट असतो. औषध सिद्ध करणाऱ्याला मिळणाऱ्या मात्रेत उपचाराचा लाभ नाही, संमतीचा प्रश्न नाही, आणि ती नोकरी असेपर्यंत चालू राहते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घातक औषधांच्या सुरक्षित हाताळणीचे जे नियम घडत गेले, त्यांचा इतिहास म्हणजे या अलिखित मात्रेच्या शोधाचा इतिहास होय. या इतिहासात एक क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. औषधाची शुद्धता राखण्याची व्यवस्था आधी होते, आणि ते औषध हाताळणाऱ्याच्या रक्षणाची व्यवस्था पुष्कळ मागाहून येते. प्रस्तुत निबंधात या क्रमाचा आणि त्यामागील कारणांचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

२

औषधांचे मिश्रण करणारा माणूस मराठी समाजाला अपरिचित नाही. ‘कंपाउंडर’ हा इंग्रजी शब्द मराठीत इतका रुळला की त्याचे परकेपण कोणाला जाणवत नाही. डॉक्टरांच्या दवाखान्यात लाकडी फळीमागे उभा राहून चूर्णाच्या पुड्या बांधणारा, लाल-गुलाबी मिश्रणाच्या बाटलीवर कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवून डोसांच्या खुणा करून देणारा कंपाउंडर अनेक पिढ्यांनी पाहिला आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याने या व्यवसायाला नोंदणीची शिस्त लावली, तेव्हा पहिल्या नोंदवहीत पदवीधरांच्या बरोबरीने, रुग्णालयात किंवा दवाखान्यात किमान पाच वर्षे औषधे मिसळण्याचे काम केलेल्यांनाही स्थान दिले. हातातील कौशल्याला कायद्याने दिलेली ती मान्यता होती.

कारखान्यात तयार होणाऱ्या गोळ्या आणि कॅप्सूल जसजशा सर्वत्र मिळू लागल्या, तसतसा खलबत्त्याचा उपयोग कमी झाला. हे भारतात झाले, तसेच अमेरिकेतही झाले. तथापि मिश्रणाची कला संपली नाही. ती दोन ठिकाणी टिकून राहिली. पहिले ठिकाण म्हणजे रुग्णालयाची फार्मसी. शिरेवाटे द्यावयाची अनेक औषधे कुपीत कोरड्या भुकटीच्या रूपात येतात आणि रुग्णाच्या प्रमाणानुसार ती ऐन वेळी विरघळवून घ्यावी लागतात. दुसरे ठिकाण म्हणजे अमेरिकेत ‘कंपाउंडिंग फार्मसी’ या नावाने ओळखली जाणारी दुकाने. लहान मुलासाठी गोळीचे पातळ औषध करणे, एखाद्या संप्रेरकाची भुकटी मलमात मिसळणे, बाजारात न मिळणाऱ्या प्रमाणाच्या कॅप्सूल भरणे अशी कामे तेथे चालतात. विसाव्या शतकातील अत्यंत तीव्र औषधे याच दोन ठिकाणी माणसाच्या हाताखाली आली.

३

या औषधांपैकी पहिल्याचा जन्म युद्धात झाला. जुलै १९१७ मध्ये बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने मस्टर्ड वायूचा प्रथम वापर केला. हा वायू त्वचेवर फोड आणतो हे तत्काळ दिसले. या वायूची बाधा झालेल्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात, हे निरीक्षण १९१९ साली प्रसिद्ध झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन हे याच कुळातील नायट्रोजन मस्टर्डचा अभ्यास करीत होते. पांढऱ्या पेशींचा नाश करणारा पदार्थ त्या पेशींच्या कर्करोगावर चालेल काय, हा त्यांचा प्रश्न होता. ऑगस्ट १९४२ मध्ये तो एका रुग्णाला शिरेवाटे देण्यात आला. गाठी विरघळल्या, पुन्हा उद्भवल्या, आणि काही महिन्यांत रुग्ण दगावला. युद्धकालीन गुप्ततेमुळे हे काम १९४६ पर्यंत प्रसिद्ध होऊ शकले नाही. १९४९ साली अमेरिकेत या औषधाला वापराची परवानगी मिळाली.

याच सुमारास बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना अमायनोप्टेरिन हे औषध देऊन पाहिले. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात सोळापैकी दहा मुलांना तात्पुरता का होईना, गुण आल्याची नोंद आहे. हे औषध ज्या प्रयोगशाळेत घडले, तेथील संशोधनाचे नेतृत्व भीमावरमचे यल्लाप्रगड सुब्बाराव यांच्याकडे होते. केमोथेरपीच्या आरंभकथेतील हा भारतीय धागा सर्वश्रुत आहे.

या कथेचा दुसरा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. रणभूमीवर मस्टर्ड वायूशी गाठ पडणाऱ्या सैनिकाला मुखवटा आणि संरक्षक वस्त्रे दिली जात. त्याच कुळातील द्रव्य कुपीत बसून रुग्णालयात आले, तेव्हा या संरक्षक साधनांपैकी फारच थोडे त्याच्याबरोबर आले. औषध अंगावर सांडले तर त्वचा पोळते एवढे माहीत होते आणि तेवढ्यापुरती काळजीही घेतली जात असे. परंतु ते न सांडता, न पोळता, दिसेल अशी कोणतीही खूण मागे न ठेवता रोज थोडे थोडे शरीरात जाऊ शकते, हा विचार पुढील तीस वर्षे फारसा झाला नाही. द्रव्य तेच असले तरी त्याचे नाव बदलले होते. ‘अस्त्र’ म्हटले की भय वाटते आणि ‘औषध’ म्हटले की विश्वास वाटतो. घातक द्रव्याविषयीची सावधगिरी या विश्वासाने सैल केली, असे म्हणण्यास जागा आहे.

४

औषधाच्या शुद्धतेची चिंता मात्र याच काळात वाढत होती. शिरेवाटे द्यावयाच्या द्रावणात जंतू शिरले तर ते थेट रक्तात जातात. १९७०-७१ मध्ये अशाच दूषित द्रावणांमुळे अमेरिकेतील अनेक रुग्णालयांत रक्तसंसर्गाची साथ पसरली होती. यावरचा उपाय तंत्रज्ञानाने आधीच उपलब्ध करून दिला होता. अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेतील विलिस व्हिटफील्ड यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी, गाळलेल्या हवेचा संथ आणि एकाच दिशेने वाहणारा प्रवाह सोडून धूलिकण दूर ठेवणारी स्वच्छ खोली सिद्ध केली. त्याच तत्त्वावर रुग्णालयांच्या फार्मसीत लॅमिनर फ्लोची मेजे आली.

या मेजाची रचना लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. मागील बाजूस सूक्ष्म कण अडवणारी गाळणी असते. तिच्यातून आलेली शुद्ध हवा कुपी आणि सुई यांवरून आडवी वाहत समोर बसलेल्या माणसाच्या छातीकडे व चेहऱ्याकडे येते. माणसाच्या श्वासातील जंतू औषधापर्यंत पोहोचू नयेत यासाठी ही योजना होती, आणि त्या हेतूने ती अत्यंत यशस्वी ठरली. परंतु कोरड्या भुकटीच्या कुपीत द्रव सोडला की आतील दाब वाढतो, आणि सुई बाहेर काढताना डोळ्यांना न दिसणारे तुषार उडतात. साध्या औषधाच्या बाबतीत त्याने काही बिघडत नसे. कर्करोगावरील औषधाच्या बाबतीत मात्र हे तुषार त्याच संथ प्रवाहाबरोबर औषधनिर्मात्याच्या नाकातोंडाशी येत. औषधाला माणसापासून वाचवणाऱ्या यंत्राने माणसाला औषधाच्या तोंडी दिले होते. हवेच्या दिशेतच या व्यवस्थेचा प्राधान्यक्रम प्रकट झाला होता.

५

या अलिखित मात्रेचा पहिला ठळक पुरावा फिनलंडमधून आला. कर्करोगावरील काही औषधे स्वतःच पुढे दुसरा कर्करोग निर्माण करू शकतात, हे उपचार घेतलेल्या रुग्णांच्या बाबतीत १९७० च्या दशकात स्पष्ट होत चालले होते. त्याच दशकात ब्रूस एम्स यांनी, एखादे द्रव्य जनुकांत बदल घडवते की नाही हे जिवाणूंच्या साहाय्याने ओळखण्याची सोपी व स्वस्त चाचणी रूढ केली. काय फाल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा जिवाणू-चाचणीने, पेशीनाशक औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांचे मूत्र तपासले. त्यात जनुकीय बदल घडवणारी द्रव्ये इतरांच्या तुलनेने अधिक आढळली. १९७९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ही बाब एका छोट्या टिपणाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. ज्यांना कोणी औषध दिलेच नव्हते, त्यांच्या शरीरातून औषधाच्या खुणा बाहेर पडत होत्या.

या निष्कर्षावर आक्षेपही आले. धूम्रपान करणाऱ्यांच्या मूत्रातही अशी द्रव्ये असतात, नंतरच्या काही अभ्यासांत तसा फरक आढळला नाही, आणि मूत्रातील खुणेवरून कर्करोग होईलच असे म्हणता येत नाही, हे तिन्ही मुद्दे रास्त होते. परंतु १९८२ साली अमेरिकेतील टेक्सस राज्यातून आलेल्या संशोधनाने प्रश्न फार्मसीच्या दारात आणून ठेवला. आडव्या प्रवाहाच्या मेजावर औषधे मिसळणाऱ्यांच्या मूत्रात अशी द्रव्ये आढळली. हातमोजे घालून, हवा वरून खाली वाहणाऱ्या व ती आतच रोखून धरणाऱ्या कपाटात तेच काम केले असता ती आढळली नाहीत. या तुलनेतून दोष आणि उपाय दोन्ही एकदमच समोर आले. काम आणि माणसे तीच असताना केवळ हवेची दिशा व काही संरक्षक साधने बदलल्याने परिणाम बदलत होता.

१९८५ साली शेरी सेलेवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फिनलंडमधील सतरा रुग्णालयांतील परिचारिकांच्या गर्भारपणाची माहिती त्यात गोळा केली होती. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ही औषधे हाताळणे आणि गर्भ गमावणे यांचा संबंध त्यात दिसून आला. संख्याशास्त्राच्या भाषेत शक्यतेचे हे गुणोत्तर २.३० होते. येथे या प्रश्नाचे सामाजिक स्वरूप स्पष्ट होते. औषधे मिसळण्याचे व देण्याचे काम मोठ्या प्रमाणावर तरुण स्त्रियांकडे होते, आणि गर्भ राहिल्याचे स्त्रीला कळते तोवर धोक्याच्या काळातील काही आठवडे उलटून गेलेले असतात. गर्भपात ही खाजगी दुःखाची बाब मानली जात असल्यामुळे त्याचा संबंध कामाच्या मेजाशी जोडण्याचे कोणाच्या मनात येणे कठीण होते. सतरा रुग्णालयांतील वेगवेगळी दुःखे एकत्र मांडली गेली, तेव्हाच त्यांतील सूत्र दिसले.

६

यानंतर मार्गदर्शक सूचनांचा काळ सुरू झाला. रुग्णालयातील औषधनिर्मात्यांच्या अमेरिकी संघटनेने १९८५ साली आणि त्या देशाच्या कामगार सुरक्षा प्रशासनाने १९८६ साली पेशीनाशक औषधांच्या हाताळणीविषयी सूचना प्रसिद्ध केल्या. १९९० मध्ये त्या संघटनेने ‘पेशीनाशक’ या शब्दाच्या जोडीला ‘घातक औषधे’ ही संज्ञा आणली. हा बदल केवळ शब्दाचा नव्हता. गर्भवतींना दिलेल्या डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल या कृत्रिम संप्रेरकामुळे त्यांच्या मुलींना तरुणपणी दुर्मीळ कर्करोग होतो, हे १९७१ साली उघड झाले होते. तेव्हा धोका केवळ कर्करोगावरील औषधांत नसून काही संप्रेरकांत आणि इतरही औषधांत आहे, हे नव्या संज्ञेने मान्य केले. त्यामुळे इंजेक्शनाच्या कुपीपुरता मर्यादित असलेला विचार खलातील भुकटीपर्यंत, म्हणजेच गोळी कुटणाऱ्या आणि मलम घोटणाऱ्या सामान्य कंपाउंडिंग फार्मसीपर्यंत येऊन पोहोचला.

सूचना आल्या तरी औषध हटले नव्हते. १९९९ साली कॅनडा व अमेरिका येथील सहा कर्करोग केंद्रांतील पृष्ठभाग पुसून घेऊन त्या नमुन्यांची तपासणी केली असता, फार्मसीतील ७५ टक्के नमुन्यांत मोजता येईल इतके औषध सापडले. संरक्षक कपाटे असलेल्या ठिकाणची ही स्थिती होती. कपाट हवेला अडवते. परंतु बोटांवरून फोनवर, फोनवरून दाराच्या मुठीवर होणारा प्रवास ते अडवू शकत नाही. २००४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने धोक्याचा इशारा प्रसिद्ध करून घातक औषधांची यादी दिली. २०११ साली वॉशिंग्टन राज्याने आरोग्यसेवकांच्या या धोक्याविषयी स्वतंत्र कायदा केला.

पुढच्याच वर्षी घडलेल्या एका घटनेशी या संथ वाटचालीची तुलना उद्बोधक ठरते. २०१२ च्या शरद ऋतूत मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका कंपाउंडिंग फार्मसीने पाठवलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांत बुरशी शिरल्याचे उघडकीस आले. वीस राज्यांतील ७५३ रुग्णांना बाधा झाली आणि ६४ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर सुमारे वर्षभरात, नोव्हेंबर २०१३ मध्ये, औषधांच्या गुणवत्तेविषयीचा नवा संघीय कायदा संमत झाला. तो आवश्यकच होता. परंतु औषध हाताळणाऱ्यांच्या रक्षणाचा सविस्तर मानदंड, म्हणजे अमेरिकी औषधकोशाचे ८०० क्रमांकाचे प्रकरण, २०१६ मध्ये प्रसिद्ध होऊनही अनेकदा पुढे ढकलले गेले आणि १ नोव्हेंबर २०२३ रोजी खऱ्या अर्थाने लागू झाले. फिनलंडच्या त्या टिपणापासून ही चव्वेचाळीस वर्षे होतात. आजही त्याची अंमलबजावणी प्रत्येक राज्याच्या फार्मसी मंडळावर अवलंबून आहे.

या विलंबाला केवळ अनास्था म्हणणे एकांगी ठरेल. दूषित औषधाने होणारा मृत्यू काही दिवसांत होतो, त्याला तारीख असते, आणि त्याचा माग विशिष्ट कुपीपर्यंत काढता येतो. हाताळणाऱ्याची हानी मात्र अनेक वर्षांत पसरलेली असते आणि तिची कारणे परस्परांत मिसळलेली असतात. पहिल्या हानीची बातमी होते, तर दुसरीचे फार तर कोष्टक होते. त्यात खर्चाचा प्रश्नही होताच. नव्या प्रकरणानुसार घातक औषधे मिसळण्याच्या खोलीतील दाब बाहेरच्यापेक्षा कमी राखावा लागतो, आतील हवा इमारतीबाहेर सोडावी लागते, निर्जंतुक मिश्रणाच्या खोलीतील हवा तासाला तीस वेळा बदलावी लागते, हातमोज्यांच्या दोन जोड्या व औषध आत न झिरपणारा गाऊन घालावा लागतो. छोट्या दुकानाच्या दृष्टीने हा भार लहान नाही. तथापि येथे एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. साध्या निर्जंतुक औषधाच्या खोलीत हवा आतून बाहेर ढकलली जाते. घातक औषधाच्या खोलीत ती बाहेरून आत ओढली जाते. १९६० च्या दशकात ठरलेली दिशा अशा रीतीने उलट झाली.

७

भारतातील चित्रही या क्रमाला अपवाद नाही. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये, म्हणजे येलमधील त्या पहिल्या प्रयोगाच्या आदल्या वर्षी, सुरू झाले होते. केमोथेरपीचा देशभरातील प्रसार पुढील दशकांतला आहे. नियमांकडे पाहता, औषध कारखान्यांसाठीच्या परिशिष्ट ‘एम’ने २००१ च्या दुरुस्तीनंतर संप्रेरके व पेशीनाशक द्रव्ये यांसाठी स्वतंत्र निर्मितिव्यवस्था आवश्यक केली, परंतु तेथे या द्रव्यांचे वर्णन ‘दूषण करणारी’ असे होते, म्हणजे चिंता मुख्यतः दुसऱ्या औषधाच्या शुद्धतेची होती. १९९८ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी टाकून दिलेल्या पेशीनाशक औषधांची वेगळी दखल घेतली, आणि २०१६ च्या नियमांनी ती १२०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाला जाळण्याची तरतूद केली. कारखान्यातील द्रव्य आणि कचऱ्यातील द्रव्य या दोन टोकांसाठी देशव्यापी बंधन आहे. या दोहोंच्या मध्ये, कुपीत द्रव सोडणाऱ्या हातासाठी, मुख्यतः रुग्णालयांच्या ऐच्छिक मान्यतेचे निकष आणि त्यांची अंतर्गत कार्यपद्धती यांवर भिस्त आहे. मोठ्या केंद्रांत संरक्षक कपाटे व प्रशिक्षित औषधनिर्माते असतात. जेथे स्वतंत्र मिश्रणकक्ष नसतो तेथे हे काम परिचारिकेकडे येते, आणि तिचे मेज हे खाटेशेजारचेच मेज असते.

८

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, घातक औषधांच्या हाताळणीचा इतिहास हा यंत्रांच्या प्रगतीचा इतिहास आहे, त्याचप्रमाणे कोणाचे शरीर हिशेबात धरावयाचे याविषयीच्या बदलत्या समजुतीचाही आहे. उलट्या दिशेच्या हवेचे कपाट बनवणे १९७० च्या दशकात अशक्य नव्हते. रोगजंतूंवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत अशी कपाटे वापरात होतीच. अभाव होता तो प्रश्नाचा. औषध देणारा हात हा व्यवस्थेचा भाग मानला गेला, औषध घेणारे शरीर मानले गेले नाही.

आता तो मानला जातो. तरीही हिशेब पूर्ण झालेला नाही. मेजावर किंवा दाराच्या मुठीवर औषधाचा किती अंश असला तर तो सुरक्षित समजावा, याची सर्वमान्य मर्यादा ८०० क्रमांकाच्या प्रकरणातही ठरवून दिलेली नाही. ते एवढेच सांगते की पृष्ठभाग ठराविक काळाने तपासावेत, आणि अपत्यप्राप्तीची क्षमता असलेल्या प्रत्येक स्त्रीपुरुष कर्मचाऱ्याने आपल्याला धोका समजला असल्याचे लिहून द्यावे. रुग्णाच्या चिठ्ठीवर त्याची मात्रा लिहिलेली असते. कर्मचाऱ्याच्या कागदावर त्याची सही असते. मात्रेची जागा अद्याप कोरीच आहे.